एकतीस मेचं मानपत्र

आमच्या जिल्ह्यात एक अख्खी पिढी एक जूनला जन्मली आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा, "ज्वारी काढाच्या वक्ताले झाला," आणि गुरुजी बिनदिक्कत एक जून टाकून मोकळे. आता ती पिढी निवृत्त होते आहे, तीही झाडून सगळी एकतीस मेला. त्यामुळे मे महिन्यात बुलढाण्यात जेवायला फुरसत नसलेली माणसं दोनच, एक आचारी आणि एक मी. मी मानपत्रं लिहिते.

तेवढ्यावर भागत नाही म्हणा. पुण्याच्या एका एजन्सीला घरबसल्या लेख लिहून देते. केसगळती, मॉड्युलर किचन, बाल्कनीतली बाग. माझ्या घराला बाल्कनी नाही. बारा वर्षांपूर्वी कॉलेजातली तासिकांवरची नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, आता मनासारखं लिहू. कसलं काय! कधी तीन-तीन महिने फोन थांबत नाही, कधी लोकांनी आपला नंबरच पुसून टाकला की काय, असं वाटतं. परवा एजन्सीतली मुलगी म्हणाली, "ताई, आता लेख मशीनच लिहितं, तुम्ही फक्त नजर टाका." आणि आत्या भेटली की ठरलेलं, "सध्या काय करून राह्यली?" मी म्हणते, लिहिते. "थे झालं व, पण करते काय?"

लिहिण्याचा हा नाद मला उंद्रीच्या शाळेत चौथीच्या बाईंनी लावला. त्यांनी 'माझी आई' निबंध दिला होता. आम्ही चाळीस जणांनी लिहिलं की माझी आई सकाळी लवकर उठते, ती प्रेमळ आहे. बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "काऊन व, चाळीस जणांची एकच आई आहे का?" मग माझ्याकडे वळून, "तुमच्या घरी भाजीचा मळा आहे ना? तुझी आई मेथीच्या जुड्या बांधता बांधता काय बोलते, ते लिहून आण." मी लिहून आणलं. आई चिखलीच्या व्यापाऱ्याला ज्या शिव्या घालायची, त्या सौम्य करून लिहिल्या. बाईंनी तो निबंध उभं राहून वर्गात वाचला आणि वाचता वाचता हसल्या. तेव्हापासून मी जे काही लिहिलं, ते बाईंनी एकदा तसं वाचावं, एवढंच मला पाहिजे होतं. पण केसगळतीवरचा लेख बाईंना कसा दाखवायचा? बाकी सगळं दुसऱ्यांच्या नावानं छापलेलं.

आणि मग गेल्या मे महिन्यात बाईंच्याच शाळेतून फोन आला. बाई निवृत्त होत होत्या. मानपत्र पाहिजे.

मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. त्या आठवड्यात माझ्याकडे चौदा मानपत्रं होती. माझा एक साचा आहे. आधी ज्ञानदानाचा यज्ञ, मग स्वतः जळून प्रकाश देणारी मेणबत्ती, शेवटी वटवृक्षाची सावली. नाव, गाव आणि सेवेची वर्षं तेवढी बदलायची. बाईंचं शेवटी निवांत लिहीन, असं रोज म्हणत होते, आणि शेवटच्या दिवशी साच्यात बाईंचं नाव घालून पाठवून दिलं. नंतर बाईंना खरं पत्र लिहीन, असं मनाला समजावलं.

समारंभ दोघांचा मिळून होता. बाईंच्या आधी एका मुख्याध्यापकांचा सत्कार. त्यांचं मानपत्रही माझंच, त्यांच्या जावयानं परस्पर लिहून घेतलेलं, आणि दोघं एकाच मांडवात असतील हे मला ठाऊक नव्हतं. निवेदकानं त्यांची मेणबत्ती पेटवली. टाळ्या. दहा मिनिटांनी बाईंचीही पेटवली, नाव-गाव सोडून शब्द न शब्द तोच. पुन्हा टाळ्या! कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मानपत्र म्हणजे असंच असतं, अशी लोकांची खात्री आहे. पहिल्या रांगेत बाईंची म्हातारी आई नऊवारी नेसून बसली होती. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून तिनं लेक शिकवली होती. ती पुढे वाकून ऐकत होती. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जेवणाच्या पंगतीत बाई माझ्यापाशी आल्या. "तू लिहिलं म्हणे?" मी मान हलवली. "कोणासाठी लिहिलं होतं?" एवढंच म्हणाल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, हिला पुरी वाढ.

त्यानंतर चार महिने मी बाईंचं मानपत्र लिहीत होते. पैसे देणारी कामं बाजूला ठेवून लिहीत होते. आपटलेला गठ्ठा लिहिला, त्यांचं हसणं लिहिलं, पावसाळ्यात पोरं घरी पोचेपर्यंत त्या शाळेच्या दारात उभ्या राहायच्या, ते लिहिलं. इतकं खरं मी बारा वर्षांत लिहिलं नव्हतं. ते घेऊन एसटीनं लोणारला गेले, बाई आता तिथं राहतात.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. मी चौथीतल्या पोरीसारखी समोर बसून होते. एके ठिकाणी त्या हसल्या, आणि देवाशपथ, मला रडू फुटलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

"चांगलं लिहिलं व. पण मानपत्र चारचौघात वाचाचं असते. हे आता पत्र झालं." चष्मा काढत म्हणाल्या, "आई गेली माही, श्रावणात. तिले वाचता कोठी येत होतं. आयकलं तेवढंच तिचं."

तो मांडव, ती माणसं, ती पहिली रांग मला एका तासासाठी परत पाहिजे होती. आजही पाहिजे आहे.

"त्या दिवशी घरी येताना गाडीत तिनं मले विचारलं," बाई म्हणाल्या, "त्या मास्तरचं अन् तुहं सारखंच वाचलं. त्यातलं तुहं कोणतं होतं व?"

"मग?"

"मी म्हटलं, समदं माहंच होतं. त्या मास्तरचं चुकून वाचलं."