अकारोआच्या बोटीवर भेटलेला बर्नार

हॉर्नबीहून, ताईच्या घरून निघताना तिने बजावलं होतं, "ऊन बघून फसू नकोस, स्वेटर घे." ताई इथे, जगाच्या पार दक्षिण टोकाला, नर्स आहे, तिच्याकडे मी पुण्याहून पहिल्यांदाच आले होते. घाट चढून गाडी माथ्यावर आली आणि खाली एकदम निळंशार बंदर पसरलेलं दिसलं. मी ओरडलेच, "थांबव, थांबव!"

या बंदरावरच्या अकारोआ गावात फार पूर्वी फ्रेंच लोक येऊन राहिले. पाट्यांवर अजून ‘र्‍यू’ (फ्रेंचमध्ये रस्ता) लिहिलेलं आहे. डेअरीतून (कोपऱ्यावरच्या दुकानातून) चिप्स घेऊन आम्ही डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत चढलो.

शेजारी साठी उलटलेलं जोडपं होतं, बर्नार आणि ओदिल. खरेखुरे फ्रेंच! तो शाळेची बस चालवायचा, तिचं केशकर्तनालय होतं.

"गाव फ्रेंच म्हणे," बर्नार कुरकुरला, "आणि फ्रेंच कुणालाच येत नाही!"

मी हसून म्हटलं, "इतक्या लांब आलात? अमेरिका जवळ पडली असती."

त्याचा चेहरा बदलला. "दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकन सैनिक आमच्या गावात आले. माझ्या वडिलांनी पहिलं चॉकलेट त्यांच्या हातून खाल्लं. लहानपणी मला तिकडेच जायचं होतं. आता बातम्या लावल्या, की आम्ही त्यांच्या वाटेतली अडगळ! अमेरिकेच्या आयातकराच्या धास्तीने आमच्या वाइनवाल्या शेजाऱ्याची झोप उडालीय. सगळं गाव हेच बोलतं."

"सगळं नाही हं," ओदिल म्हणाली. "बेकरीवालीला अजून न्यूयॉर्क बघायचंय. आणि आपली क्लेअर ओहायोत लग्न करतेय."

क्लेअर ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नाला येणार नाही, असं बर्नारने तिला कळवून टाकलं होतं.

पुढच्या बाकावरचा उंच माणूस वळला. "माफ करा, मी टेक्सासचा. आमच्याही घरात जेवताना यावरूनच भांडणं होतात."

बर्नार ताडकन उठला. तेवढ्यात लाट आली, बोट एका बाजूला कलली, तो कठड्याकडे कोलमडला. टेक्सासवाल्याने त्याचं जाकीट घट्ट धरलं. माझ्या चिप्स समुद्रात गेल्या.

"उजवीकडे!" ताई किंचाळली.

पाच-सहा छोटे डॉल्फिन पाण्याबाहेर उसळले. राखाडी अंग, पाठीवर गोल काळा पर. एक तर हात लांबवला तर लागेल इतका जवळ! बर्नार फ्रेंचमध्ये ओरडत होता, टेक्सासवाला इंग्रजीत, मी मराठीत. बर्नारने टेक्सासवाल्याची बाही पकडली होती, ती बराच वेळ सोडलीच नाही.

धक्क्यावर उतरताच बर्नारने मुलीला फोन लावला. कितीतरी वेळ तो डॉल्फिनबद्दलच बोलत राहिला. मग घसा खाकरून काहीतरी विचारलं. ओदिलने माझा हात दाबला. "विचारतोय, ऑक्टोबरात ओहायोत कोट लागतो का."

फोनमधून आलेल्या किंकाळीचा अर्थ विचारावा लागला नाही. ओदिलचे डोळे भरून आले.

निरोप घेताना बर्नार आपल्या व्हॅनमधून ओरडला, "अमेरिकेबद्दल माझं मत बदललेलं नाही, सांगून ठेवतो!"

घाट उतरेपर्यंत ताई आणि मी एकमेकींचं बोलणं तोडत तेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. फ्रेंच माणसाला अमेरिकेबद्दल काय वाटतं, हे मला एका वाक्यात सांगता येणार नाही. परक्यावर कुणी इतकं चिडत नाही, एवढं मात्र कळलं. मत तिथल्या तिथे ठेवून माणूस लग्नाला जाऊ शकतो, हे बघून मला त्या दिवशी डॉल्फिनपेक्षाही जास्त आनंद झाला.