बुटांचं वाक्य

कचेरीत तिला खोडरबर म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे खोडरबर. तिला दोन्ही माहीत होतं.

तेवीस वर्षं ती कौटुंबिक न्यायालयाच्या बातम्या करत होती. कुठलं मूल आईबापांकडून काढून घ्यायचं, कुणाकडे ठेवायचं, याचे बंद दाराआडचे खटले. वार्ताहराला आत बसू देत ते एकाच अटीवर. मूल ओळखू येता कामा नये. म्हणून ती नाव खोडायची, शाळा खोडायची, गल्ली, बापाचा धंदा, भावंडं किती तेही. उरलेलं घरी आईला वाचून दाखवायची. आईला घरबसल्या सगळ्या वस्तीची खबर असे.

"ओळखलंस कुणाला?"

"नाही बाई."

मग बातमी छापायला जाई.

त्या संध्याकाळी ती चपलांसकट आत आली.

"चपला काढ. केस पिकले, वळण काही लागलं नाही," आई नेहमीचंच बोलली. ती मटार सोलत होती.

तिने बातमी वाचायला घेतली. सहा वर्षांची मुलगी. शेजारणीने चारदा तक्रार केली, चारही वेळा कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. आता मुलगी दुसऱ्या घरी आहे. बापाला पत्ता कळू नये, असा हुकूम आहे. शेवटचं वाक्य तिने सावकाश वाचलं. ते तिला फार आवडलं होतं. 'मुलगी अजूनही बूट घालूनच झोपते. कधी निघावं लागेल सांगता येत नाही, म्हणते.'

आईचे हात थांबले. एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला.

"ओळखलं," आई म्हणाली.

"कुणाला?"

"तुला."

तिला हसू आलं. आई हसली नाही.

आपण दत्तक आहोत हे तिला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"पाच वर्षांची होतीस तू, आम्ही आणलं तेव्हा. बुटांना हात लावला की रडायची नाहीस. नुसती दाराकडे बघायचीस. तुझीही बातमी आली होती. नाव नाही, गाव नाही. बूट तेवढे होते."

"मग?"

"चौथ्या दिवशी दारात एक माणूस. हातात पेपर. घरोघर विचारत आलेला. बूट घालून झोपणारी पोरगी इथंच ना, म्हणाला. फार गोड बोलत होता."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आम्हाला पोरबाळ नाही. तू दारामागे उभी होतीस. दार जमिनीला टेकत नव्हतं. खालच्या फटीतून बूट दिसत होते."

"त्याने पाहिले?"

"पाहिले. पेपराची घडी घातली आणि गेला. त्याच दिवशी आपण घर सोडलं."

तिने कचेरीत फोन लावला. उपसंपादक तरुण होता, बडबड्या.

"शेवटचं वाक्य काढ."

"अहो ताई, बातमीत तेवढंच एक जिवंत आहे."

"म्हणूनच काढ."

"खोडर..." तो म्हणाला आणि जीभ चावली. "काढतो."

फोन ठेवून ती दाराशी गेली. चपला काढायला वाकली. दाराखालच्या फटीकडे तिचं लक्ष गेलं. बाहेर जिन्यात कुणीतरी जात होतं. सावली फटीपुढे आली, जरा थांबली, पुढे गेली.

ती तशीच वाकलेली राहिली.

"राहू दे," आई म्हणाली. "घालूनच ये."