अण्णांच्या ओट्यावरची शाळा

अण्णांच्या शाळेला फी नव्हती.
वसंताची मॅट्रिक गेली आणि मामानं त्याच्यासाठी धरून ठेवलेली कारखान्यातली नोकरी गेली. बस, एवढाच खर्च.

अण्णा आज पहाटे गेले. नव्वदी ओलांडून, झोपेत. मरणं त्यांना छान जमलं.
बाप होणं तेवढं जमलं नाही.

सत्तरच्या दशकातला पाचपावली मोहल्ला. गल्लीच्या तोंडाशी अण्णांचं घर, त्याच्या मागे आमची वस्ती. घराला उंच ओटा. त्या ओट्यावर रोज शाळा भरायची. मास्तर अण्णा, विद्यार्थी त्यांचा एकुलता एक वसंता.

समोरच कॉर्पोरेशनची शाळा होती. तिची घंटा वाजली की अण्णा हसायचे. म्हणायचे, तिथं कारकून तयार होतात, इथं विद्वान.

त्यांची एक थिअरी होती. ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो लिहितो.
म्हणून वसंताच्या हाती पाटी नाही, वही नाही. प्रश्न आला की उभं राहायचं, हात जोडायचे आणि खणखणीत उत्तर द्यायचं. रस्त्यानं जाणारा कोणीही थांबून परीक्षा घेऊ शकत होता.

"विचार गा याले," अण्णा पोस्टमनला म्हणायचे, "सत्तावीस पाऊण किती?"
वसंता उभा. "सव्वावीस."
पोस्टमन खूश. अण्णा त्याच्याहून खूश.
"माह्या हातचं पोट्टं मॅट्रिकच्या गणितात फर्स्ट क्लासच आणते. पाहून घेजा."

ही झाली गल्लीला सांगायची कारणं.
खरं कारण मी माझ्या कानानं ऐकलंय. ओट्याला टेकून आम्ही गोट्या खेळायचो, वरचं सगळं खाली ऐकू यायचं. एक दिवस काकू काकुळतीला आल्या, की पोराले शाळेत टाका न, समोर तर आहे.

अण्णा म्हणाले, "त्या बाकावर कोणाकोणाचे पोट्टे बसतात, पाहिलं काय वं तू? त्याइच्या बाजूले माहा वसंता बसन?"

कोणाकोणाचे म्हणजे आमचे. माझा बाप छप्पन साली धम्म घेऊन आला होता. त्या बाकावर मी बसत होतो.

एवढ्यासाठी.
बाकी विद्वत्ता, संस्कार, कारकून, सगळं वरून पांघरलेलं.

मॅट्रिकला वसंता बाहेरून बसला. सेंटर एकच, माझा नंबर त्याच्या दोन बाकं मागे. गणिताचा पेपर. पोरानं जन्मात परीक्षेचा हॉल पाहिला नव्हता. पेपर वाचला, आणि उभा राहिला.
हात जोडले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं सांगितलं.

बरोबर होतं.

हॉल हसला. सरांनी दटावून खाली बसवलं. त्यानं पेन धरला, बराच वेळ नुसता धरूनच ठेवला. मग पुन्हा उभा.
दुसऱ्याही प्रश्नाचं बरोबर होतं.
सरांना वाटलं, हा पोरांना उत्तरं पुरवतो. पेपर काढून घेतला.

जाताना तो सरांना एवढंच म्हणाला, "मले सगळं येते सर. विचारा न."

त्यानंतर तो परीक्षेला बसला नाही. इतवारीच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात जन्मभर पुड्या बांधल्या. अण्णा मात्र शेवटपर्यंत सांगायचे, की बोर्डालाच विद्वत्ता पेलली नाही.

आज घाटावर कोणीतरी भाषण ठोकलं. थोर शिक्षक, ज्ञानाचा दिवा वगैरे. मी वसंताकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहून राहिला होता.

मी ठेकेदार माणूस. रेतीचा, गिट्टीचा हिशोब आजही तोंडी करतो. पावकी, निमकी, दीडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ आहेत. आमच्या शाळेत ते कोणी शिकवत नव्हतं.

अण्णा, या आता. खोटं खोटं रडणार नाही, पण निरोप मनापासून.

आणि तुमचा एक विद्यार्थी मॅट्रिकच्या गणितात फर्स्ट क्लास आला होता.
ओट्याखाली गोट्या खेळत होता, तो.