जहाजावरचा आहेर

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती वारले. त्या दिवशी आमच्या भागात पाणी यायचं होतं. ते आलं. शेजारणीने आमचे ड्रम भरले.

त्यानंतर दहा महिन्यांनी मी गोव्याला जाणाऱ्या जहाजावर चढले. हे लिहायला आणखी एक वर्ष गेलं.

जाण्याचं कारण माझी धाकटी बहीण मंगल. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने, दत्तरावांनी, मुंबईहून गोव्याला आणि परत मुंबईला अशी तीन रात्रींची सफर ठरवली होती. खोलीत तिसरा पलंग होता.

"अक्का, मुकुंदवाडीत एकटी बसून भिंतीशी बोलतीस का? चल," मंगल म्हणाली.

मी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. खरं तर समुद्र पाहायचा होता तो माझ्या पतींना. ते पाणीपुरवठ्यात होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, ते वॉल्व्ह त्यांच्या हाती असत. दुष्काळात त्यांना रजा मिळत नसे. 'यंदा पाऊस झाला की जाऊ,' असं ते दर उन्हाळ्यात म्हणत. त्याच वर्षांत बायपासकडची रानं मोडून प्लॉट पडले, आणि दत्तरावांनी ते विकले. ज्या कोरड्या वर्षांनी आम्हाला घरात बसवून ठेवलं, त्यांनीच मंगलला जहाजावर नेलं, हे माझ्या मनातून जाईना.

पंचविसाव्याचा आहेर माहेरकडून जायला हवा होता. माहेर म्हणजे आता मी आणि गावी मेंढरं राखणारा भाऊ, नामदेव. त्याला फोन केला.

"तूच बघ अक्का. मला जहाजातलं काय कळतंय?" तो म्हणाला. "मी आपली घोंगडी धाडतो. पाण्यात गारठा लई असंल."

मी शहागंजात सफरींची तिकिटं काढून देणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पुढ्यात दोन कागद ठेवले.

"देखो आपा, दो चीजां हैं. एक ये गिफ्ट कार्ड. साल भर चलता. अगली सफर में लगाओ, कपड़े लेओ, कुछ भी. दूसरा, जहाज का क्रेडिट. इनके कमरे के कार्ड में जमा हो जाता. कॉफी, फोटो, दुकान, जो लेना वहींच. पर आखरी सुबह जहाज किनारे लगा, तो बचा सो गया."

"परत मिळत नाही?"

"नई मिलता. मैं लिख के देतूं."

त्याने पावतीच्या मागे तसं लिहूनही दिलं. मी बराच वेळ ते दोन कागद पाहत बसले. गिफ्ट कार्ड दिलं तर ती दोघं पुढच्या वर्षी पुन्हा जातील, हे मला दिसत होतं. ती दोघं पुन्हा जावीत असं मला वाटलं नाही. मी जहाजावरची जमा घेतली.

आमच्या माहेरी एक रीत आहे. आहेराची घडी देणाऱ्यासमोर मोडायची नाही, म्हणजे ती वस्तू लगेच वापरायला काढायची नाही. आपल्या घरी न्यायची, देवापुढे ठेवायची, मग मोडायची. लुगडं असो की तांब्या, आईने हेच केलं. आईचं सगळं मंगल पाळते, हे मला ठाऊक होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला त्या जमेच्या कागदाचं पाकीट दिलं, खोलीच्या कार्डावर पैसे जमा आहेत एवढंच सांगितलं. तिने ते कपाळाला लावलं.

"परत आल्यावर देवापुढं ठेवून घडी मोडीन," ती म्हणाली.

शहागंजातलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी पाणी प्याले.

सकाळच्या गाडीने निघालो. लासूर गेलं, रोटेगाव गेलं. दोन्ही बाजूंना जानेवारीतच मे महिन्यासारखी जमीन. एका शेततळ्यात नुसतं काळं प्लास्टिक उरलं होतं आणि त्यावर शेळ्या उभ्या होत्या. मंगलने धपाटे आणि ठेचा काढला. दत्तराव तिच्या बोटांना लागलेला ठेचा पाहून म्हणाले, "डोळ्याला हात लावशील. थांब." आणि त्यांनी बाटलीतल्या पाण्याने तिची बोटं धुतली. मी खिडकीकडे तोंड केलं. मनमाड येईपर्यंत मी ते वळवलं नाही.

जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते जहाज वाटलं नाही. आमच्याकडे बायपासला नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींसारखं वाटलं, बाल्कन्यांच्या रांगा एकावर एक. चढायच्या शिडीपाशी एका फोटोवाल्याने आम्हाला थांबवलं. मंगलने मला मधे ओढलं. दिवा चमकला. पुढे गेलो.

प्रत्येकाला खोलीचं एक कार्ड मिळालं. जहाजावर रोख चालत नाही. जेवण-चहा तिकिटात, बाकी काही घेतलं की ते कार्डावर पडतं, आणि आमच्या खोलीच्या कार्डावर काही पडलं की आधी आहेरातूनच जाणार. हे कळल्यावर मंगलने दत्तरावांना बजावलं.

"कार्डाला हात लावायचा नाय. त्यात माहेरचा आहेर आहे."

"अगं पण एक कॉफी..."

"कॉफीत बुडवता का माझं माहेर?"

दत्तराव कॉफीचे भोक्ते. चांगल्या कॉफीचं दुकान तिकिटाबाहेरचं होतं. येता-जाता ते त्याच्या दारात थांबून वास घेत आणि पुढे जात. मला म्हणाले, "अक्का, तुमचा आहेर लई भारी पडला बघा." मी हसले. मला बरं वाटत होतं, हे इथे लिहून ठेवते.

पहिल्या सकाळी अंघोळीला गेले. गरम पाणी यायला वेळ लागत होता आणि तोवर गार पाणी वाया जात होतं. मी कचऱ्याची बादली रिकामी करून नळाखाली लावली. ती भरली. मग ग्लास भरले, मग बर्फाचं भांडं. खोली साफ करणारा मणिपूरकडचा माणूस आला आणि रांगेने ठेवलेली भांडी पाहत उभा राहिला.

"नल खराब है क्या, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "हमारे यहाँ पानी आठ दिन में आता है."

त्याने मान डोलावली आणि बादली उचलून एका झटक्यात ओतून दिली. वर डेकवर तर तलावच होता. माणसं त्यात उगाच उभी होती. माझे पती असते तर त्यांनी आधी हे पाणी कुठून भरतात ते विचारलं असतं आणि मग त्या पाइपाच्या मागे दिवसभर हिंडले असते.

गोव्यात बसने एक किल्ला पाहिला आणि एका खानावळीत माशाचं ताट घेतलं. सोलकढी (कोकम आणि नारळाच्या दुधाचं पेय) मला आवडली. दत्तरावांच्या घशात काटा अडकला. मंगलने भाताचा गोळा करून त्यांना भरवला आणि पाठीवर थापा मारल्या. काटा गेला. ती दोघं इतकी हसली की शेजारची मंडळीही हसू लागली. एक बाई मला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर नाही आले?" मी म्हणाले, "त्यांना रजा नाही."

परतीच्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रात होतं. जेवणघराबाहेर भिंतभर फोटो लावले होते, तीन दिवसांत फोटोवाल्याने टिपलेले. मंगल एका फोटोपुढे थांबली. डेकवर वाऱ्याने तिचा पदर उडाला होता, आणि दत्तरावांनी तो मुठीत धरून ठेवला होता. दोघंही कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. तिने तो खाली काढला, पुष्कळ वेळ पाहिला आणि परत अडकवला.

"घे की," मी म्हणाले.

"आता नाय. घरी गेल्यावर घडी मोडली की मागवून घेऊ."

ती गेल्यावर मी त्या फोटोसमोर उभी राहिले. माझ्या पतींची जी तसबीर घरात आहे ती एका लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठी केलेली आहे. डाव्या कडेला एक खांदा दिसतो. तो माझा. आमच्या दोघांचा वेगळा असा फोटो नाही. पाऊस झाल्यावर काढणार होतो.

मी डेकवर जाऊन पुस्तक उघडलं. जेवणानंतर उघडलेलं पान चार वाजता तेच होतं. मग उठले आणि मंगलला शोधलं. ती आणि दत्तराव कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होते.

"मंगल, ते पैसे घरी न्यायचे नसतात. उद्या सकाळी संपतात. इथेच खर्चायचे असतात."

दत्तराव आधी माझ्याकडे, मग मंगलकडे पाहत राहिले. "म्हणजे मी तीन दिवस नुसता वास घेत हिंडलो व्हय?" ते हसले आणि कॉफी आणायला गेले.

मंगल हसली नाही.

"तुला कधी कळलं, अक्का?"

"शहागंजात. दुकानातच."

तिने कठड्यावरचे हात काढले. मग म्हणाली, "दाजी असते तर गाडीत बसायच्या आधी सांगितलं असतं."

"व्हय," मी म्हणाले.

आम्ही फोटोंच्या भिंतीकडे गेलो. कामगार फोटो उतरवत होते. न घेतलेले फोटो एका यंत्रात जात होते आणि खालून पट्ट्या बाहेर पडत होत्या. पदराचा फोटो गेला होता. मंगलने दोनदा विचारलं. माणसाने माफी मागितली. खोलीच्या नावाने वेगळ्या पाकिटात ठेवलेला एकच फोटो उरला होता, शिडीपाशी काढलेला, आम्हा तिघांचा. तिने तो घेतला.

"तुझं तोंड बघ कसं आलंय."

"रडवं?"

"नाय." तिने फोटो उजेडात धरला. "शेजाऱ्याच्या नळाला पाणी आलंय आणि तुझ्या नळाला नाय, तसं."

दत्तराव तीन कॉफ्या घेऊन आले. उरलेल्या जमेतून मंगलने सगळ्यात महागडं आइस्क्रीम मागवलं. आम्ही तिघांनी ते संपवलं. रात्री गार वाटलं तेव्हा तिने नामदेवची घोंगडी माझ्या पलंगावर टाकली आणि दिवा मालवला.

परतीच्या गाडीत ती झोपली होती. शहराच्या अलीकडे रुळांलगत नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या पायाशी टँकर उभे होते. स्टेशनवर दत्तरावांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली. मंगल म्हणाली, "येते मग." कधी ते म्हणाली नाही.

दीड महिना ती आली नाही. फोन केला तर उचले, "स्वयंपाकात हाये" म्हणे. मग एका दुपारी आली, ब्लाऊजपीस आणि कागदात गुंडाळलेली, शिडीपाशी काढलेल्या फोटोची चौकट घेऊन.

"परत आहेर," ती म्हणाली. आमच्यात आहेर घेणाऱ्याने देणाऱ्याला काही परत करायचं असतं.

"हा एकच होता ना गं? तुझ्याकडे काय राहिलं?"

"माझ्याकडं ते हायेत," ती म्हणाली, आणि लगेच, "चहा ठेव. पाणी आहे का?"

पाणी होतं. आम्ही चहा प्यायलो. त्यानंतर ती महिन्यातून एकदा येते, पूर्वी आठवड्याला यायची.

यंदाही पाऊस बेताचाच झाला. पाणी आठव्या दिवशी येतं. मंगलचा हेवा मला अजून वाटतो. भिंतीवर दोन चौकटी आहेत. एकीत माझे पती आहेत आणि कडेला माझा खांदा आहे. दुसरीत आम्ही तिघं आहोत, आणि मधे मी आहे.