हिरालालभाऊंची राहिलेली चढाई

सर्व वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, यंदाच्या दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाडा गावी झालेल्या कबड्डीच्या सामन्यात प्रस्तुत लेखकाने रेषापंच म्हणून काम पाहिले. देशाच्या क्रीडाजगताने या घटनेची अजून दखल घेतलेली नाही. म्हणून ती मलाच घ्यावी लागत आहे.

खरं म्हणजे मी पुण्याहून निघालो होतो ते फक्त ऐकायला. हिरालालभाऊ नावाचे एक जुने कबड्डीपटू बावीस वर्षं याच एका गावाकडून खेळले आणि एका चढाईत गुडघा गमावून घरी बसले, एवढं एका मित्राकडून कळलं होतं. गोंदिया स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला नाव सांगितलं, तर त्याने भाडं ठरवायच्या आधी माझी बॅगच उचलली.

"कबड्डीवाले हिरालाल? बैठो साहब! पर मंडई है आज, गर्दी मिलेगी."

मंडई (दिवाळीनंतर या भागात गावोगावी भरणारी जत्रा) म्हणजे लेकी, जावई, साळे, व्याही सगळे एका गावात. वाटेत नागऱ्याला शंकराच्या जुन्या देवळात पाच मिनिटं थांबलो. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं, काही बांध्यांत (भाताच्या खाचरांत) कापून आडवं पडलेलं. उन्हाला पेंढ्याचा वास येत होता आणि मी ऑटोत उगाचच मांडी ठोकून पाहत होतो.

मंडईच्या तोंडाशी उकडलेले शिंगाडे घेतले आणि सालासकट चावले. विकणारी बाई पोट धरून हसली. "सोलून खा जी! काऊन असे भुकेले?" ओठ काळे झाले, ते दोन दिवस तसेच होते.

हिरालालभाऊ सत्तावन्न वर्षांचे, उंच, डावा पाय किंचित ओढत चालणारे. त्यांच्या घरी पदकं नाहीत. स्वयंपाकघरात मात्र बादल्या, घागरी, पराती फळीवर ओळीने मांडलेल्या. त्यांची बायको रेवताबाई लाखोळीच्या डाळीचे वडे तळता तळता झाऱ्याने दाखवत होत्या. "हे बालाघाटकडची बादली. हे परात तिरोड्याची. एकदा बकरा जिकून आणला, सायकलीवर बसवून!"

"अनवाणी खेळायचो," भाऊ म्हणाले. "धान निघाला का बांधीतच मैदान. दिवसा चुरणी, म्हणजे मळणी, संध्याकाळी कबड्डी. पैसा कोणी देत नव्हता, पण गावाचं नाव होतं ना पाठीवर."

"आणि शेवटची चढाई?"

झारा थांबला. ती चढाई रेवताबाईंच्या माहेरच्या गावाविरुद्ध होती. भाऊ गडी मारून परत फिरले, मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर त्यांना मागून धरलं ते साक्षात त्यांच्या साळ्याने, दुलीचंदने. गुडघा निखळला, हात रेषेला लागला नाही. त्याला पंधरा वर्षं झाली.

"रोज सपनात तेवढी वीत येते," भाऊ हळूच म्हणाले. मग आणखी हळू, "आज चाळिशीपारवाल्यायचा सामना हाये. तेच गाव."

"गेले तं मी माहेरी जाऊन राहीन!" रेवताबाई कडाडल्या.

"माहेर तं मैदानातच येऊन राहिला हाये. कुठं जाशील?"

मला हसू आवरेना. बाईंनी माझ्या ताटात एक वडा कमी वाढला.

भाऊंना बोलावलं होतं ते नारळ फोडायला. मैदानावर पंचाची जागा मात्र रिकामी होती, कारण तिथे प्रत्येकजण कोणाचा तरी सोयरा. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या काळ्या ओठाच्या माणसाचा इथं कोनी नाई. उभा करा त्याले रेषेवर!" आणि मी उभा राहिलो.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू बरोबरीत, आणि दवनीवाड्याचा चढाईवाला पायात गोळा येऊन बसला. लोकांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. हिरालालभाऊंनी सदरा काढला. बायकांच्या घोळक्यात रेवताबाई उठून उभ्या राहिल्या.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." भाऊ पाय ओढत आत शिरले. समोर दुलीचंद, ढेरी सुटलेला, पण पंजे तसेच दणकट. आणि मग जे झालं ते याच मुलखात होऊ शकतं. इथे साळा आपल्या भाटव्याच्या (बहिणीच्या नवऱ्याच्या) पाया पडतो. भेट बाजारात होवो की बांधावर, वाकायचंच. पंधरा वर्षांत मैदानावर पहिल्यांदाच भाटवा समोर आला, आणि दुलीचंद सवयीने वाकला!

भाऊंचा हातही सवयीनेच त्याच्या डोक्यावर गेला. आशीर्वाद दिला. दम चालूच.

मग कोणीतरी किंचाळलं, "गडी मेला!" दुलीचंदला उमगलं, त्याने तसाच पुढे झेपावून भाऊंचा घोटा पकडला. डावाच. मागून आणखी दोघे येऊन पडले. भाऊ पालथे कोसळले. रेषा वीतभर लांब. पुन्हा तेवढीच वीत! मी गुडघ्यांवर बसून, नाक मातीला लावून पाहत होतो. त्यांची बोटं माती उकरत पुढे सरकत होती. दुलीचंद ओरडत होता, "दम सोडा नं भाऊजी!" आणि घोटा मात्र सोडत नव्हता.

मग दोन बोटं रेषेच्या चुन्यात बुडाली. मी हात वर केला आणि माझ्या आवाजाच्या मानाने फारच मोठ्याने ओरडलो. दवनीवाडा जिंकला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो तरी माझं मन त्या बांधीतच होतं. माणूस बावीस वर्षं खेळतो आणि उरलेलं आयुष्य एका वितीसाठी झुरतो, याची मला गंमत वाटायची. आता वाटत नाही. डोळे मिटले की तेच दिसतं: लोक नाचताहेत, दुलीचंद रडत हसतोय, आणि हिरालालभाऊ चुन्यातली बोटं न उचलता तसेच पालथे, डोळे घट्ट मिटून अजून "कबड्डी, कबड्डी" म्हणताहेत. थांबायचं त्यांना सुचतच नव्हतं. तेव्हा गर्दी फोडून रेवताबाई आत घुसल्या, मातीत बसल्या, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"भेटली नं लकीर! आता तं दम घ्या जी!"