एका पिनवर टेंट हाऊस

कांचघर मोहल्ल्यात आमच्या घराची आणि प्रभाकर भाऊजींच्या टेंट हाऊसची भिंत एकच, आणि तीही पातळ. मी काही कान लावून बसत नाही हो, गोष्टी आपोआप येतात. या लग्नसराईत इतक्या साचल्या की आता सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही.

भाऊजींचे गुडघे गेले. भाड्यानं द्यायच्या खुर्च्या, गाद्या, कढया सगळं विकून मोकळं व्हायचं म्हणत होते. कमानिया गेट बाजारातला एक व्यापारी टपूनच होता. पण मुलगी नेहा अडून बसली. "बाबा, एक सीझन मला चालवू द्या. नाही जमलं तर विका." आणि नेहानं दुकानाला एआय जोडलं.

हे जोडतात कसं, मी विचारलं. ती म्हणाली, काकू, आधी प्रत्येक मोबाईलचा चार्जर वेगळा होता, आता एकच पिन चालते ना? तसाच एक खुला नियम आहे, कोण्या एका कंपनीचा नाही. त्यानं व्हॉट्सॲप, बुकिंगचं कॅलेंडर, गोदामाचा स्टॉक, सगळं एआयला जोडता येते. मग ते स्वतः बघून गिऱ्हाइकाला उत्तर देते.

भाऊजी म्हणाले, "एका सॉकेटवर सगळा मांडव टाकला का फ्यूज उडते."

*

पहिल्याच महिन्यात एका लग्नाची दोन बुकिंगं आली. तारीख तीच, नवरा-नवरीची नावं तीच. एआयनं एक डुप्लिकेट समजून उडवलं. ते निघालं मुलाकडचं! तिकडे गढा वस्तीत त्यांचे पाहुणे उभ्यानं जेवले.

"लग्न एक असते, घरं दोन असतात," भाऊजी कपाळ धरून म्हणाले. "हे त्याला कोण सांगणार?"

*

मग गल्लीतल्या शर्माजींचे वडील वारले. बसायला येणाऱ्यांसाठी त्यांच्या मुलानं खुर्च्या मागितल्या. एआयनं स्टॉक बघितला आणि लिहिलं, "आज बुकिंग फुल है. अगले मंगलवार चलेगा?"

भाऊजी तसेच लंगडत गोदामात गेले. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पन्नास खुर्च्या. मयतीच्या घरासाठी कायम बाजूला ठेवलेल्या, कुठंच न दाखवलेल्या.

"बाबा, हे मला सांगितलं काहून नाही?"

"हे काय सांगायची गोष्ट आहे?"

त्याच दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला विकायचं म्हणून फोन करून टाकला. पोरगी आमच्या ओट्याजवळ रडली, मग डोळे पुसून लॅपटॉप घेऊन बसली. त्या खुर्च्या राखीव टाकल्या. वरून नियम केला की बाबांनी हो म्हटल्याशिवाय एकही उत्तर बाहेर जाणार नाही.

*

आता दिवसभर टिंग टिंग. गाद्या देऊ का, कढई देऊ का. भाऊजी आंघोळीला गेले तरी बाहेर फोन वाजून राहिला. आतून ओरडले, "अरे, मालक मी आहे का तू?"

तरी प्रत्येक उत्तर ते चष्मा लावून वाचत. कोणाकडे म्हातारी माणसं आहेत, कोणाला गादी जास्त लागेल, नेहाला सांगत. ती ते त्यात भरत जाई.

*

परवा मी दही मागायला गेले होते, तेव्हा व्यापाऱ्याचा मेसेज आला. तो एआयनंच उचलला आणि भाऊजींना विचारलं: गिऱ्हाइकाला दुकानातला सगळा माल हवा आहे. काय उत्तर देऊ?

नेहा स्टूलवर बसलेली. मान वर करेना. मी दही विसरले.

भाऊजींनी चष्मा पुसला, फोन तोंडाजवळ धरला आणि सावकाश बोलले, "लिख दो, माल किराए पर मिलता है. काम हो जाए तो वापस करना पड़ेगा."