अर्ध्यावर हलवलेला उकिरडा

माझ्या गोठ्यावरचा लाल ठिपका मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या भिंतीवर पाडलेल्या नकाशात, सगळ्या गावासमोर. दाखवणारी माझी सख्खी भाची. सायकलला दुधाचे कॅन लटकवून सीताबर्डीपर्यंत खेपा मारून मी म्हशी उभ्या केल्या. त्याच दुधावर ही पोरगी नागपुरात शिकली. आधी घरी येऊन सांगायचं तरी! तो सल अजून गेलेला नाही.

पावसाळाभर ती नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून नेत होती. जमिनीचा उतार, माती, पाऊस असं सगळं संगणकात घालून तिनं आमच्या नाल्याच्या पाणलोटाचं मॉडेल केलं होतं. कुठलं पाणी कुठे जातं आणि सोबत काय नेतं, ते त्यात दिसे; जिथून जास्त घाण सुटते तिथे लाल ठिपका, कमी तिथे पिवळा. माझ्या गोठ्यामागच्या उकिरड्यावरून वाहिलेलं पाणी खाली तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या विहिरीत मुरत होतं.

"काहून वं, मामाले आधी सांगता नाही आलं?" मी तिथेच ओरडलो.

"सांगितलं असतं तर तुम्ही रंगाचाही भाव केला असता, मामा. लालचा पिवळा मागितला असता."

लोक हसले. ती म्हणाली, उकिरडा टेकाडाच्या माथ्यापलीकडे न्या, तिकडे तुमचंच शेत आहे, विहीर कोणाचीच नाही. एवढं शेण रोज माथ्यापार कोण वाहणार? बैलबाजारात आयुष्यभर करत आलो तेच मी केलं. तुझं नाही, माझं नाही, मधलं. उकिरडा चढावर निम्म्या वाटेत नेऊन टाकला आणि तिला मोठ्या ऐटीत पाहायला बोलावलं.

तिनं उतार खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"मामा, माथा अजून वर आहे. इथलंही सगळं आईकडेच जाते. उलट इथं उतार जास्त आहे."

"निम्मं ऐकलं न गा तुझं!" रागात 'वं' सोडून मी तिला पोराला म्हणतात तसं 'गा' म्हणालो.

"निम्मं काहून ऐकून राहिले?"

मी तिला शेतातून चालती हो म्हणालो. ती गेली.

पुढच्या पावसाळ्यात बहिणीच्या विहिरीला वास सुटला. मग मी मुकाट्यानं सगळा उकिरडा माथ्यापार नेला. भाचीनं पुन्हा मॉडेल चालवलं आणि नकाशा फोनवर पाठवला. गोठा आता पिवळा होता. सोबत एक शब्द नव्हता. मुरलेलं निघायला आणखी काही पावसाळे लागतील, एवढं तिनं आईला सांगितलं होतं.

यंदा भाऊबीजेला गेलो, तर बहिणीनं विकतच्या कॅनमधून पेला भरला.

"विहिरीचं दे," मी म्हणालो.

"ते झाडाले टाकतो आता, दादा," ती म्हणाली आणि ओवाळायचं ताट आणायला आत गेली.

भाची आली नव्हती. मी कॅनचं पाणी प्यालो.